अनघाच्या घरचं सार

माझ्या घरच्यांची अशी समजूत आहे की, मनगट दुखायला लागलं म्हणून मी आमची पितळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. माझं मनगट कधीच दुखलं नाही. पण मग ती भांडी का टाकली, हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि जिच्यापाशी मी एरवी काहीच लपवत नाही त्या माझ्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले, तर बघा, तरी सुरुवात भांड्यांपासूनच केली. भांड्यांबद्दल बोलणं सोपं असतं. माणसांवर यायला मला थोडा वेळ लागेल.

मी जड धातू मोजते. हेच माझं काम — अन्नात, पाण्यात, धुळीत आणि माणसांच्या रक्तात शिसं किती, कॅडमियम किती, आर्सेनिक किती. पुण्यात शिकले, लग्न होऊन नोएडाला आले, इथल्या एका संशोधन संस्थेत लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही. आमच्याकडे एक महागडं यंत्र आहे. ज्या पाण्याला ना रंग, ना वास, ना चव, त्यात शिशाचा मागमूस असला तरी ते यंत्र सांगतं. ते रोज माझ्या हाताशी होतं. एवढं लक्षात ठेवा.

आमच्या सेक्टरात मराठी घरं बरीच आहेत. बहुतेक पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेली. गणपती, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ, सगळं एकत्र होतं. त्या मंडळात मी म्हणजे ‘आमच्या शास्त्रज्ञ ताई’. कुणी तेल बदललं की मला विचारायचं, कुणी पाण्याचा फिल्टर घेतला की मला विचारायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? प्रयोगशाळेत मी कितीतरी जणांतली एक होते. मंडळात मी एकटीच होते.

एका गणपतीत, आरतीच्या आधी, ‘स्वयंपाकघरातलं विज्ञान’ म्हणून माझं भाषण ठेवलं. ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी काढून टाका म्हणाले. पातळ ॲल्युमिनियममध्ये आंबट शिजवू नका म्हणाले. इथवर ठीक होतं. पण समोरच्या बायका माना डोलवायला लागल्या आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. आपलं पितळ काय वाईट होतं? चांगली कल्हई करून घ्या, त्यात चिंचेचं सार करा, आणि मग मला चव सांगा — असं काय काय बोलले. टाळ्या पडल्या. प्रयोगशाळेत एक दशांश चिन्ह मी पुन्हा पुन्हा तपासते. इथे मात्र मी काहीच तपासलं नव्हतं. गणपतीसमोर उभं राहून, हातात माइक घेऊन, मला जे ऐकायला छान वाटत होतं ते मी बोलले.

आणि बोलून थांबले असते तर? पण थांबले नाही. दिल्लीत कल्हई कुठे करून मिळते, असं बायका विचारायला लागल्या. मग मीच शोधाशोध केली, जुन्या दिल्लीतला एक कल्हईवाला गाठला आणि एका रविवारी सकाळी त्याला सोसायटीमागच्या बागेत बोलावून घेतलं. त्याने खड्डा करून भट्टी पेटवली. नवसागराचा पांढरा धूर निघाला, पोरं खोकत खोकत भोवती नाचली, घराघरांतून काळीठिक्कर पातेली बाहेर आली आणि आतून चांदीसारखी होऊन परत गेली. माझीही त्यात होती. त्याने मला कथलाची कांडी दाखवली. म्हणाला, “एकदम खरा माल है, मैडम.” मी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली — जसं काही डोळ्यांना कळणारच होतं — आणि परत दिली. त्या माणसाला मी दोष देत नाही. बाजारात जे मिळालं ते त्याने आणलं. पण त्या कांडीचा नखाएवढा तुकडा मी पर्समध्ये टाकून नेला असता, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला सगळं कळलं असतं. मला ते सुचलंच नाही. मी त्या दिवशी पाहुण्यांना चहा देण्यात दंग होते.

आता अनघा.

अनघा आमच्या वरच्या मजल्यावर राहते. माझ्याहून बरीच लहान, सांगलीकडची. नवरा प्रसाद आयटीत, दिवसभर कानाला हेडफोन. ती नवीन आली होती तेव्हा एकदा लिफ्टमध्ये रडताना दिसली. कारण विचारलं, तर म्हणाली, “काही नाही ताई, सकाळपासून कुणाशी मराठी बोलले नव्हते.” मी तिला घरी आणून चहा पाजला. त्या दिवसापासून ती माझी झाली. मला ताई म्हणते, अहोजाहो करते, आणि मी सांगितलेलं ब्रह्मवाक्य मानते. इतका विश्वास टाकणारं माणूस आयुष्यात एखादंच भेटतं, नाही का?

तिच्याकडे माहेरून आलेलं एक मोठं पितळी पातेलं होतं. तांदूळ ठेवायची ती त्यात. त्या रविवारी ते तिने कल्हई करून घेतलं आणि बागेतून जाताना मला म्हणाली, “आता रोजचं यातच करते बघा.” बाकीच्या बायकांनी चार दिवस हौस केली. मग घासायला जड, चिंच लावा, पीतांबरी लावा — कंटाळा आला आणि सगळी पातेली पुन्हा फळीवर गेली. मीही रविवारपुरतंच वापरायचे. अनघाने मात्र जे बोलली ते केलं. रोजची आमटी त्यात, कढी त्यात, आणि चिंचेचं सार तर हमखास त्यात. आठवड्यातून एकदा त्या साराचा डबा खाली माझ्याकडे यायचा. आणायची तिची मुलगी — रेवा. तीन-साडेतीन वर्षांची होती तेव्हा. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून लिफ्टमधून उतरायची आणि दारातूनच ओरडायची, “मावशी, सार!”

आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली पद्धत. मी त्यात लाडू, चिवडा, काहीतरी घालून द्यायचे. ती झाकण उघडून बघायची, मगच जायची.

मी अजून मुद्द्यावर आलेली नाही, हे मला कळतंय.

त्याच सुमारास आमच्या विभागाला एक अभ्यास मिळाला. दिल्लीजवळच्या मानेसरच्या पलीकडे काही गल्ल्या आहेत, तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. भट्टीला लागूनच कामगारांची बिऱ्हाडं. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं किती आहे, ते आम्हाला पाहायचं होतं. अशा अभ्यासात तुलनेसाठी दुसरीही मुलं लागतात — साध्या घरांतली, भट्टीपासून लांब राहणारी. लोक आपल्या मुलांना सुई टोचून घ्यायला सहज देत नाहीत. म्हणून मी मंडळात शब्द टाकला. सगळ्यात आधी अनघाने हात वर केला. तिचं बघून बाकीच्यांनी.

सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना बोलावलं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, इतकंच. त्या दिवशी नेमका रेवाचा चौथा वाढदिवस होता. अनघाने सकाळी तिचं औक्षण केलं होतं, आणि पोरीने कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून आईला, बाबांना, बाहुलीला, सगळ्यांना टिळे लावले होते. हॉलमध्ये आली ती रंगलेली बोटं घेऊनच. आम्ही स्पिरिटने पुसली. नखाच्या कडेला गुलाबी रेघ राहिली. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, तिचा हात मीच धरला होता. “मावशी, दुखेगा?” म्हणाली. नाही गं, म्हणाले. टोचल्यावर ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

निकाल आले. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात, पण त्या हॉलमध्ये प्रत्येक नळीवर आकड्याची चिकटपट्टी मी माझ्या हाताने लावली होती. तुलनेच्या मुलांत एक नमुना असा वर आला होता की मला वाटलं, चुकून भट्टीजवळच्या मुलाचा मिसळला. नव्हता मिसळला. तो रेवाचा होता. भट्टीला लागून राहणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांपेक्षा तिच्या रक्तात शिसं जास्त निघालं होतं.

आमचे सर शांत गृहस्थ. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “बच्ची का दोबारा ले लो, नस से.” बरोबरच होतं. बोटाच्या रक्तात बाहेरचा कण मिसळू शकतो, म्हणून शंका आली की नसेतून दुसरा नमुना घ्यायचा, हा नियमच आहे. मला लगेच ते कुंकू आठवलं. हल्लीच्या कुंकवात काय काय घालतात, ते मी स्वतः तपासलं आहे. कुंकूच असणार — मी स्वतःला सांगितलं. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, हो, असेल, म्हणूनच परत घ्या.

संध्याकाळी घरी आले, तर ओट्यावर अनघाचा डबा होता. मी झाकण काढलं. वरून कोथिंबीर, तुपातल्या जिऱ्याची फोडणी, खाली तांबूस सार. भूक लागली होती. मी वाटीत काढून घेतलं, वाटी तोंडाला लावली — आणि तशीच थांबले.

कल्हई म्हणजे कथलाचा थर. आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून आतून चढवलेला. कथील शुद्ध असेल तर काही बिघडत नाही. पण त्यात शिसं मिसळलेलं असेल, तर चिंचेसारखं आंबट ते हळूहळू ओढून घेतं. तासभर उकळा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी गरम करा — दर वेळी थोडं थोडं उतरतं. यात नवीन काय होतं? माझ्या हाताखालची पोरं परीक्षेत हे लिहून पास होतात.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पातेल्यात चिंचेचं पाणी उकळलं, बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळेत इतर नमुन्यांच्या रांगेत यंत्राला लावलं. कुणी विचारलं नाही. आकडा सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणार नाही. इतकंच सांगते, की एखाद्या शाळेच्या टाकीत तेवढं शिसं सापडलं असतं, तर मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून नळ बंद करायला लावले असते.

त्या संध्याकाळी मी माझी पितळी भांडी पोत्यात बांधली.

कल्हई तीच, कल्हईवाला तोच, कथलाची कांडी तीच. आणि अनघा — फक्त एक मजला वर. जिन्याने गेले असते तरी दम लागला नसता. दार वाजवायचं आणि म्हणायचं, अनघा, माझी चूक झाली, ते पातेलं बंद कर, आणि उद्या रेवाला घेऊन माझ्याबरोबर चल. एवढंच म्हणायचं होतं. मी का गेले नाही?

भीती वाटली. दुसरं काही नाही. मंडळात माइकवर बोलणारी मी, कल्हईवाला आणणारी मी — आणि धातू मोजणं हाच जिचा पेशा, तिनेच शेजारच्या पोरीच्या जेवणात शिसं घातलं, असं सगळ्यांच्या तोंडी झालं असतं. संस्थेत हसले असते. अनघाने मला ताई म्हणणं सोडलं असतं. एका मुलीचं डोकं एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला, आणि मी हे सगळं निवडलं. तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं. तेव्हा फक्त म्हणाले होते, उद्या बघू.

तो उद्या उजाडला आणि सरांनी विचारलं, नमुना घेतला का? मी म्हणाले, घरचे नाही म्हणतात. मुलगी फार घाबरली होती, आई तयार नाही.

आई तयार नाही. अनघाला मी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर तिने रेवाला कडेवर घेऊन त्याच पावली माझ्या गाडीत आणून बसवलं असतं. सरांनी विश्वास ठेवला, का नाही ठेवणार? शंकास्पद नमुना, पालकांचा नकार — असा नमुना अभ्यासातून वगळतात. वगळला. कुठलाही नियम मोडला नाही. कागदावर सगळं स्वच्छ राहिलं.

तो अभ्यास गाजला. त्याच्यामुळे त्या गल्ल्यांत आरोग्य शिबिरं लागली, ज्या मुलांचं शिसं जास्त होतं त्यांना डॉक्टरांनी दत्तक घेतल्यासारखं केलं, पुन्हा पुन्हा तपासलं, गोळ्या दिल्या, दोन भट्ट्या लांब हलल्या. मी त्या शिबिरांत जाऊन आयांना समजावायचे, हात धुवा, लोह असलेलं खायला द्या, शिसं मुलांच्या मेंदूला खातं. माझ्या हिंदीचं कौतुक व्हायचं. परत येताना लिफ्टमध्ये कधी कधी रेवा भेटायची.

एकदा अनघाने विचारलं, “ताई, आमच्या बाईसाहेबांचा रिपोर्ट कसा आला हो?”

मी म्हणाले, “छान आहे. काही नाही.”

तिने आत जाऊन साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मी निदान ते पातेलं तरी कसंही करून बंद पाडलं असेल. मलाही वाटत होतं, मी पाडीन. रेवाच्या पुढच्या वाढदिवसाला मी अनघाला चांगल्यातल्या जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यांचा सेट दिला. ती हरखली. तो तिने पाहुण्यांसाठी ठेवला. “रोजचं पितळेतलंच हो ताई. तुम्हीच लावलीत ना सवय.” मी हसले. मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते मला फार छान जमलं. हिवाळ्यात धुरकं उतरायचं, तेव्हा तिने हप्त्यावर एअर प्युरिफायर घेतला, रेवाच्या खोलीत लावला. “इथली हवाच वाईट, ताई, पोरांचं काय होणार?” मी म्हणायचे, “हो ना, हवा.” हवा खरंच वाईट होती. तीसुद्धा मीच मोजली होती.

आणि डबे येत राहिले.

इथे मला थांबायचं होतं. खरं सांगते, हे लिहायचं ठरवलं तेव्हा नमुन्यापर्यंतच लिहायचं ठरवलं होतं. खोटं बोलले, घाबरले — एवढं माणसं माफ करतात. पुढचं करतील असं वाटत नाही.

डबे येत राहिले आणि मी त्यातलं सार सिंकमध्ये ओतत राहिले. दर आठवड्याला. नळ सोडायचे, ओतायचे, फोडणीतली जिरी जाळीत अडकली तर बोटाने ढकलायचे. मग डबा घासायचा, पुसायचा, त्यात लाडू ठेवायचा आणि दारात उभ्या असलेल्या रेवाच्या हातात द्यायचा. ती विचारायची, “मावशी, संपला?” मी म्हणायचे, “संपला.” ती डबा घेऊन वर जायची. जेवायला. तेच सार.

माझ्या वाटणीचं मी ओतत होते. तिच्या वाटणीचं ती खात होती. हे मला दर वेळी कळत होतं. विसरले, लक्षात आलं नाही, असं एकदाही झालं नाही. आणि हे एका आठवड्याचं नाही, दोन दिवाळ्या मध्ये गेल्या.

शेवटी ते पातेलं बंद झालं ते माझ्यामुळे नाहीच. प्रसादने स्वयंपाकघर नवीन करून घेतलं, गॅस काढून इंडक्शनची शेगडी बसवली. त्या शेगडीवर पितळ चालत नाही. अनघा दोन दिवस हळहळली. मग पातेल्यात माती भरली आणि मनी प्लांट लावला. अजून बाल्कनीत आहे, वेल ग्रिलवर चढलाय. मी वर गेले की माझी खुर्ची नेहमी त्याच्यासमोर असते.

रेवा आता पाचवीत आहे. गोड आहे, लाघवी आहे, पण शाळेतून सारखे फोन येतात. वाचताना ओळी सुटतात. सांगितलेलं लक्षात राहत नाही. वर्गात बसवत नाही, मग चिडते, मग रडते. अनघाने काय काय केलं नाही? नोकरी परत धरायची होती, ती नाही धरली. शिकवण्या, डोळ्यांचे डॉक्टर, कानांचे डॉक्टर, वागणुकीच्या तज्ज्ञ. प्रत्येक ठिकाणी तिला विचारतात, लहानपणी काय झालं होतं, आणि ती आठवून आठवून स्वतःचे दोष काढते. मी हिला मोबाइल दिला. मी हिच्या वेळी चिडचीड फार केली. मी हिला दिल्लीत जन्माला घातलं. एका बाईंनी सांगितलं, घरात मराठी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी, यात मूल गोंधळतं, एक भाषा बंद करा. तर तिने मराठी बंद केली. जी मराठी बोलायला मिळाली नाही म्हणून लिफ्टमध्ये रडत होती, ती आता स्वतःच्या मुलीशी हिंदीत बोलते. मध्ये मी रेवाला सहज म्हणाले, आईला सांग, खूप दिवसांत सार नाही पाठवलं. रेवा म्हणाली, “सार मतलब क्या, मावशी?”

आता तुम्ही विचाराल, हे शिशामुळेच झालं का? मला माहीत नाही. मी टाळत नाहीये, खरंच माहीत नाही. शिशाविना कितीतरी मुलं अशी असतात. शिसं असूनही कितीतरी मुलं धडधाकट शिकतात. आणि त्या दिवशीचा आकडा कदाचित नखातल्या कुंकवाचाच असेल. नसेतला एक नमुना तेव्हा घेतला असता, तर कळलं असतं. आज कळायचा मार्ग नाही. शिसं रक्तात फार दिवस थांबत नाही, हाडांत जाऊन बसतं. पुरावा होता तेव्हा मी तो घेतला नाही, आणि आता माझं शास्त्र मला सांगतं की तुला काहीच सिद्ध करता येणार नाही. मला हे ऐकून पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. हेही लिहून टाकते.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी रेवाच्या बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या. त्यात रक्तातलं शिसं होतं. अनघा रिपोर्ट घेऊन धावत खाली आली, मोबाइल माझ्यापुढे धरला. सगळं प्रमाणात होतं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. ती म्हणाली, “ताई, मला बाई शिशाचं नाव वाचूनच धडकी भरली होती. मग आठवलं, तुम्ही तर तेव्हाच बघितलं होतं. तेव्हाही नॉर्मलच होतं ना?”

ती माझ्या समोर होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने प्रश्न स्वच्छ विचारला होता, आणि उत्तर द्यायला यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती.

मी म्हणाले, “हो.”

मग ती बसली, आम्ही चहा घेतला. बोलता बोलता म्हणाली, या सगळ्या औषधांपेक्षा जुनं खाणंपिणं बरं, ते पातेलं रिकामं करून परत कल्हई करून घेऊ का, गॅसची एक शेगडी आणता येईल. मी म्हणाले, नको, हल्ली चांगले कल्हईवाले मिळत नाहीत. ती म्हणाली, तेही खरंच. तुम्ही म्हणता तर नको.

परवा तिने सार पाठवलं. डबा रेवाच घेऊन आली होती, आता एका हातात धरते, दुसऱ्या हातात मोबाइल. मी विचारलं, कशात केलं गं आईने? ती म्हणाली, “स्टील वाले में.” ती दारात उभी होती. मी झाकण काढून तिच्यादेखत वाटी भरली, प्यायले, आणि दुसरी भरून तीही प्यायले. चिंच थोडी जास्त झाली होती.